ढबी झोपल्यावर

"उभी राहा म्हणतायत त्या, बसू नकोस!" आई इस्त्री हातात धरूनच ओरडली. पण ढबीने वजनकाट्यावर ऐसपैस मांडी घातली होती, आणि आता तिला तिथून उठवायचं म्हणजे सगळ्यांच्याच नाकीनऊ येणार होते.

"असू दे, असू दे," काटेताई म्हणाल्या. "बसूनही वजन तेवढंच भरतं. काट्याला काय त्याचं!"

गुडघ्यावर हात टेकत त्या खाली वाकल्या, आकडा पाहिला आणि चेहऱ्यावर काहीही दिसू दिलं नाही. इतक्या वर्षांत हे त्यांना जमून गेलं होतं. मुलासमोर आकडा उच्चारायचा नाही, 'अगंबाई' म्हणायचं नाही, 'शाबास'ही म्हणायचं नाही. मूल आपलं काट्यावर चढतं नि उतरतं, त्याला त्यातलं काही कळता कामा नये. जे काय बोलायचं ते आईबापांशी.

काटेताईंचं खरं नाव हजेरीपटावरच काय ते उरलं होतं. आरोग्य केंद्राच्या घरभेटीच्या कामावर त्या लागल्या तेव्हापासून खांद्याला पिशवी, पिशवीत चपटा वजनकाटा. दोन-तीन वर्षांच्या ज्या पोराचं वजन उंचीला मागे टाकून पुढे पळायला लागलेलं असेल, त्याच्या घरी जायचं, आईबापांशी गप्पा मारायच्या, सहा महिने जात राहायचं. स्वतः काटेताई अंगाने चांगल्या भरलेल्या. एखादी ठसकेबाज सासू म्हणायचीच, "आधी तुम्ही चढा की त्याच्यावर!" त्यावर, "मी चढले तर काटा रजेवर जाईल, मग तुमच्या नातवाचं कसं व्हायचं?" असं म्हणून त्या स्वतःच आधी हसायच्या. घरात एकदा हसू झालं की पुढचं बोलणं सोपं जातं, एवढं शास्त्र त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलेलं होतं.

हे घर म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. खोलीच्या मधोमध इस्त्रीचं टेबल, एका बाजूला लोकांच्या चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला घड्यांची चळत. ढबीची आई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या दोन ढिगांच्या मध्ये उभी असायची. आणि कोपऱ्यात एका गादीवर ढबी. अडीच वर्षांची, गोरीपान, गालात डोळे बुडालेले. समोर भिंतीला टेकवलेला फोन, त्यात नाचणारी चित्रं, आणि मांडीवर वाटी. वाटीत कधी क्रीमची बिस्किटं, कधी चिप्स.

"ही वाटी सारखी पुढ्यात कशाला गं?" काटेताईंनी काटा पिशवीत घालताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

आईने इस्त्री उभी केली, येऊन ढबीचा पाय उचलला आणि तळव्याच्या कडेचा गुळगुळीत डाग दाखवला.

"मागे वायर ओढली हिनं. इस्त्री पायाशी पडली म्हणून एवढ्यावर निभावलं. डोक्यात पडली असती म्हणजे? तेव्हापासून कोपऱ्यात बसवते. वाटी भरलेली असली की बसते गुमान. वाटी संपली की उठते आणि सरळ टेबलाकडे येते. आता तुम्हीच सांगा ताई, मी काय करू? कपडे सोडू का हिला सोडू?"

बिस्किटांवर काटेताईंकडे उत्तर होतं. फोनवर होतं, गोड दुधाच्या बाटलीवर होतं. इस्त्रीवर नव्हतं.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती आपण सांगायची नाही, आईबापांनी स्वतःच्या तोंडाने ठरवायची. लादलेलं टिकत नाही, हे प्रशिक्षणात त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, आणि ते खरंही होतं. त्यामुळे त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू? तूच सांग. एकच गोष्ट. तुझ्याच्यानं होईल अशी."

आईने वाटीकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं. मग तिची नजर दाराजवळच्या खुंटीवर गेली. तिथे एक मळकट, पुरुषाचा शर्ट लटकत होता.

"ह्यांचा खाऊ बंद," ती म्हणाली.

ढबीचे बाबा ट्रक चालवत. आठवडाभर रस्त्यावर, गुरुवारी तेवढे अर्धा दिवस घरी. येताना पिशवी भरून खाऊ आणत. थोडा खिशात, ढबीला स्वतःच्या हाताने द्यायला, आणि बाकीच्यावर आठवडाभर वाटी भरली जायची.

"पिशवीच आली नाही तर वाटीत घालणार काय मी?" आई म्हणाली. "काकडी चिरून ठेवीन. गाजर ठेवीन. रडेल चार दिवस."

काटेताईंना मनापासून आनंद झाला. बाईने नेमकं मूळच हातात धरलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली, की ज्याचा खाऊ बंद झाला तो माणूस या खोलीत नव्हता. ठरवताना दोघंही समोर हवीत असं पद्धतीत होतं. पण बाप घरी भेटेपर्यंत थांबायचं तर सगळी घरभेट योजनाच गुंडाळून ठेवावी लागली असती. त्यांनी त्याकडे कानाडोळा केला.

"नीट समजावून सांग हं त्यांना."

"सांगते की फोनवर. पोरीच्या भल्याचंच आहे, नाही कशाला म्हणतील?" आई म्हणाली आणि खिडकीचा जाड पडदा ओढायला गेली. ढबीची झोपायची वेळ झाली होती. "उजेड असला की टक्क जागी असते. पडदा ओढला की पाच मिनिटांत गार."

काटेताई अंधारलेल्या खोलीतून चोरपावलांनी बाहेर पडल्या.

पुढची भेट त्यांनी मुद्दाम गुरुवारी ठेवली. बापाशी एकदा बोलून घेतलेलं बरं, असं मनात होतं. बोलणं चाललं असतानाच खालून हॉर्न वाजला. दोन तुटक, एक लांब. आणि जी ढबी एरवी कोपऱ्यातून हलायची नाही, ती फोन टाकून, गादीवरून घसरून, दुडुदुडु दाराशी पोचलीसुद्धा. काटेताई बघतच राहिल्या.

जिन्यावर पावलं वाजली. बाप दारात आला तो तिथेच उकिडवा बसला. सडसडीत माणूस, केसांत धूळ, एक हात उन्हाने जास्त रापलेला. त्याने दोन्ही हात पसरले. ढबी त्यांच्या मध्ये शिरली, पण त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलंही नाही. तिचा हात थेट शर्टाच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता. मग पँटच्या खिशात गेला. किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला, तो तिने खाली टाकला. वाकून त्याच्या पाठीमागे पाहिलं, जिन्यावर पाहिलं. मग पहिल्यांदाच वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चुकून भलत्याच घरात शिरलेल्या माणसाकडे बघतात तसं. आणि जाऊन आईच्या पायांना मागून मिठी मारली.

"नाही आणलं आज," बाप हसत म्हणाला. "आज नुसते बाबाच आले."

कुणीच हसलं नाही. तो किल्ल्या उचलून आत आला, काटेताईंना नमस्कार करून भिंतीशी बसला.

"पटतं मला तुमचं, ताई," तो म्हणाला. "गाडीत माल जास्त झाला की आधी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसतात. पोरीचे पाय बघतो मी. कळतं."

"मग झालं तर, दादा."

"पण ही माझ्याकडे येते ती खिशासाठी येते." तो अगदी सरळ म्हणाला, तक्रार नाही की काही नाही. "सहा दिवस मी दिसत नाही. सातव्या दिवशी माझी ओळख ती काय? हा खिसा."

"तिच्याशी खेळा," काटेताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी कितीतरी घरांत म्हटलं होतं आणि कितीतरी घरांत ते लागू पडलं होतं. "बॉल आणा. अंगाखांद्यावर घ्या. येईल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती?"

रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या बापांचं काटेताईंना माहीत होतं, महिनाभरात पोरं चिकटायची. गुरुवारच्या बापाचा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता.

कुठून तरी एक बॉल निघाला. बापाने तो हलकेच ढबीकडे सोडला. बॉल तिच्या पायाशी येऊन थांबला. तिने बॉलकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. आई इस्त्री ठेवून धावली. बाप गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला.

"एकच बिस्किट द्यायचं का हो हिला?" आईनेच विचारलं.

"ठरलंय ना?" तो म्हणाला. "मग ठरलं."

त्यानंतर पिशवी आली नाही ती नाहीच. पहिले चार दिवस नव्हे, चांगले चार आठवडे ढबीने घर डोक्यावर घेतलं. काकडीचे तुकडे थेट लोकांच्या धुतलेल्या कपड्यांवर जाऊन पडले, दोन सदरे आईला पुन्हा धुवावे लागले. पण हळूहळू काकडी पोटात जायला लागली. आणि एका भेटीत काटेताई दारातच थबकल्या. इस्त्रीच्या टेबलाभोवती कमरेएवढा लाकडी कठडा उभा होता. जुन्या खोक्यांच्या फळ्या, पण कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. आई कठड्याच्या आत उभी राहून इस्त्री करत होती, आणि ढबी बाहेर अख्ख्या खोलीभर मोकाट फिरत होती. गादी गुंडाळून ठेवलेली.

"अगं, हे कुणाचं डोकं?"

"ह्यांचं," आई म्हणाली. तिलाही कौतुक वाटत होतं. "गेल्या दोन गुरुवारी केलं. हातोड्याच्या आवाजानं ही रडायला लागली, म्हणून खाली रस्त्यावर बसून ठोकत होते उन्हात."

काटेताईंनी कठड्यावरून हात फिरवला. कुठे कुसळ लागत नव्हतं. इस्त्रीवर जे उत्तर त्यांना सापडलं नव्हतं ते त्या माणसाने शोधून, ठोकून, घासून दिलं होतं.

ढबीचं वजन होतं तिथेच थांबलं आणि उंची आपली वाढत राहिली. या वयात एवढंच हवं असतं. केंद्रातल्या मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "काम कसं करावं हे काटेताईंकडून शिका." चहाच्या वेळी बायकांनी त्यांना टाळ्याबिळ्या दिल्या. त्या खुशीत त्यांनी संध्याकाळी दूरदेशी असलेल्या मुलाला फोन लावला. मुलाने फोन नातवासमोर धरला. "आजी बघ, आजी! हाय कर आजीला!" नातवाने एकदा पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या गाडीकडे वळला. काटेताई नेहमीसारख्या हसल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांना एकदम तो बॉल आठवला, पोरीच्या पायाशी जाऊन थांबलेला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

शेवटची भेट गुरुवारीच आली. वजनाची रेषा जागेवर आली की घर बंद, असा नियम. मग तिथे जायचं नाही, ती वेळ दुसऱ्या पोराला द्यायची. ढबीने काटा पाहताच स्वतःच धावत येऊन त्याच्यावर उडी मारली आणि ताठ उभी राहिली. गालांतून डोळे बाहेर आले होते. काटेताईंनी आकडा पाहिला आणि या वेळीही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, मात्र तेवढं करताना त्यांना कष्ट पडले.

"छान आहे सगळं," त्या आईला हळूच म्हणाल्या. "माझं काम संपलं बाई तुझ्याकडचं. आज गुरुवार ना? दादांनाही सांगून जाते."

"ते कुठले आत्ता भेटायला! हल्ली दुपार उलटल्यावरच येतात." आईने कठड्याचं फाटक लावलं. "माल उतरवायला वेळ लागतो म्हणे. येतात तोवर ही झोपलेली असते, आणि ही उठायच्या आत निघतात. मी म्हटलं, लवकर या की जरा. तर हूं म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एका परीनं बरंच झालं म्हणा. ते आले की ही खिसे चाचपायची, मग रडारड. आता तेवढी कटकट नाही."

काटेताईंनी ढबीच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि त्या जिना उतरल्या.

पुढचं घर बंद पडलेल्या गोदामाच्या पलीकडे होतं. गोदामाच्या भिंतीला वळसा घातला आणि समोर ट्रक. सावलीला लावलेला, इंजिन थंड, ताडपत्री घडी करून बांधलेली. मागे माल नव्हताच. आत ढबीचे बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी ठेवून बसलेले. त्यांची नजर वर लागली होती. काटेताईंनी वळून पाहिलं. तिथून ती पहिल्या मजल्यावरची खिडकी स्वच्छ दिसत होती.

"दादा? इथे काय करताय?"

तो दचकला. चोरी पकडल्यासारखा चटकन खाली उतरला. "काही नाही. आत्ताच आलो."

खोटं बोलायची सवय नसावी त्याला, त्याने मान खाली घातली.

"झोपली की जातो," तो म्हणाला. "पडदा ओढला की कळतं इथून."

"हॉर्न नाही वाजवत?"

"हॉर्न वाजवला की धावत येते ना. खिसा बघते. मग तोंडाकडे बघते माझ्या. ते नाही हो बघवत. झोपलेली असली की उचलून मांडीवर घेता येतं. झोपेत काही म्हणत नाही. कधी कधी शर्ट धरून ठेवते मुठीत."

जे काटेताईंनी आजवर कुठल्याच घरात म्हटलं नव्हतं, ते त्या म्हणाल्या.

"दादा, ऐका माझं. आज जागी आहे तोवरच वर जा. आणि जाताना एक... एखादं बिस्किट न्या खिशातून. एकानं काही होत नाही. मी सांगते ना. मीच सांगते."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्याने मान हलवली.

"नको, ताई. किती भरली आज?"

त्यांनी आकडा सांगितला.

"हां," तो म्हणाला. "गेल्या गुरुवारी उचलली तेव्हा हाताला तसंच लागलं. उंची वाढलीय आणि हाताला हलकी लागते." तो थोडं हसला, आणि या वेळी ते हसणं खरं होतं. "जमलंय ते आता मोडायचं नाही. तुम्ही एवढं सांगितलंत, हिच्या आईनं एवढं केलं. माझं काय, झोपलेली तर झोपलेली."

"अहो, पण तिला बाप हवा ना!" काटेताईंचा आवाज चढला. तो त्याच्यावर नव्हता, पण चढला. "मोठी झाल्यावर काय म्हणेल ती?"

"मोठी झाली की सांगू सगळं. शाळेत जायला लागेल, कळायला लागेल, तेव्हा येईलच की माझ्याकडे." मग त्यांच्याकडे वळून, "येईल ना हो?"

"येईल," काटेताई म्हणाल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. काही महिन्यांपूर्वी त्यांनी 'हळूहळू' म्हटलं होतं तेव्हाही माहीत नव्हतं.

वर खिडकीत हालचाल झाली. एक हात दिसला आणि जाड पडदा एका बाजूने सरकत दुसऱ्या बाजूला गेला.

तो लगबगीने कामाला लागला. पाण्याच्या कॅनखाली हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, शर्टाच्या बाहीने पुसलं. मग शर्टाच्या खिशातून कंगवा काढून सीटवर टाकला. पेन काढलं. पँटच्या खिशातून सुट्टी नाणी काढली. "टोचतं तिला," तो म्हणाला. "आणि खुळखुळलं की जागी होते." शेवटी किल्ल्यांचा जुडगा राहिला. तो हातात धरून तो घुटमळला.

"हाही खुळखुळतो. एरवी सीटखाली ठेवून जातो, पण जीव अर्धा इथेच असतो गाडीत. तुम्ही जरा थांबाल का? तुम्हाला पुढे जायचं असेल तर राहू दे."

काटेताईंनी हात पुढे केला. त्याने जुडगा त्यांच्या हातात दिला, आवाज न करता, एकेक किल्ली मुठीत दाबून धरत. मग गोदामाच्या भिंतीच्या कडेने, चपला हातात घेऊन तो जिन्याकडे गेला आणि दिसेनासा झाला.

काटेताईंनी वजनकाट्याची पिशवी ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि शेजारी सावलीला उभ्या राहिल्या. पुढच्या घरी एक आई त्यांची वाट बघत होती, तिच्याकडे पोचायला आता उशीर होणार होता. वर पडदा जरासुद्धा हलत नव्हता. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी मूठ घट्ट आवळून धरली, जणू काही तो आवाज इथून वरपर्यंत जाणार होता.